न विचारता लावलेली बाग

६ फेब्रुवारी

उपकेंद्रातल्या सिस्टरने ही वही दिली आहे. रोज सकाळी बीपी मोजायचं आणि लिहायचं. आजचं लिहीत नाही. मशीन दंडाला लावलं होतं तेवढ्यात बाहेर माणसं आली, तेव्हा जो काही आकडा आला तो माझा नाही, त्यांचा आहे.

तिघं होते. एकाकडे तिपाईवरची दुर्बीण, दोघांकडे खांब. पपनसाच्या फांद्या हाताने सारत चराच्या कडेने आले आणि लाल फडकं बांधलेले खांब रोवत गेले. एक तर माझ्या चुलीच्या मागेच रोवला. "काकू, बादली जरा बाजूला घ्या," म्हणाला. मी घेतली. बादली घेतलीस कशाला म्हणून आमचा म्हातारा संध्याकाळपर्यंत ओरडत होता. तो घरी असता तर त्याने त्यांना सावलीत खुर्ची टाकून दिली असती, मला ठाऊक आहे.

त्यांच्या मागून वीरयुत आला, उराई बाईंचा भाचा. बूट मळू नयेत म्हणून बांधावरच उभा राहिला. "घाबरू नका काकू, नुसती मोजणी आहे. आत्याची जमीन विकायचं चाललंय, इथे गोदाम येणार. तुम्हाला सामान हलवायला वेळ देऊ की." घाबरू नका असं कुणी म्हटलं की मला हटकून भीती वाटते. तो गेल्यावर मी भात चढवला आणि पाणी घालायला विसरले.

७ फेब्रुवारी

खरं ते लिहावं. जमीन आमची नाही, निदान कागदावर तरी नाही. आमची होती ती खंडाने घेतलेली, नदीकाठची. महापुरात ती कितीतरी दिवस पाण्याखाली राहिली, झाडं उभ्या उभ्या कुजली आणि मालकाने ती वीटभट्टीला देऊन टाकली. शेजारची ही पट्टी उराई बाईंची. जलपर्णीने अशी भरली होती की सापसुद्धा तिथे राहायला राजी नसावेत. बाई तेव्हा उत्तरेत चियांगमाईला बहिणीकडे राहायला गेलेल्या. म्हातारा म्हणाला, "पडून तर आहे, चार केळी लावू." चार केळींची बाग झाली, कडेला पत्र्याचं घर झालं. कुणाला विचारलं नाही. आधी विचारायचं राहून गेलं, आणि मग झाडं गुडघ्याला लागली तेव्हा विचारायची लाज वाटायला लागली. फक्त जागेच्या धन्याला, म्हणजे राखणदार देवाला, विचारलं होतं. खांबावर त्याचं छोटं घर उभं केलं, लाल सरबत ठेवलं आणि हात जोडून म्हटलं, बाबा, आम्हाला राहू दे.

नंतर बाई परत आल्या, पण गुडघे गेलेले, म्हणून शहरात वीरयुतच्या घरी राहिल्या. त्या वर्षी सोंगक्रानला, आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. तिसरीत त्यांनी मला शिकवलं. एकदा खोटं बोलले म्हणून पट्टी मारली होती, ती अजून तळहाताला आठवते. नव्या वर्षाला वडीलधाऱ्यांच्या हातावर मोगऱ्याचं पाणी घालतात, मग बाईंच्या नको? तेव्हापासून दरवर्षी जाते. आधी केळी न्यायचे, झाडं धरल्यावर पपनसं नेऊ लागले. बाई फळ हातात घेऊन तोलतात, देठ बघतात आणि म्हणतात, "पूर्वेचा बांध सांभाळ, तोच आधी खचतो." एकदा म्हणाल्या होत्या, "लमियद, तू आहेस म्हणून ती जमीन जिवंत आहे. राहा तिथेच." मी बसमध्ये तोंडाला रुमाल लावून रडले होते.

आणि आता त्यांनीच खांब पाठवले?

१९ फेब्रुवारी

वकिलाकडे गेलो. अनुवत नाव, पोरगेलासा आहे, पण टेबलावरच्या फायली बघून धीर आला. त्याने विचारलं, "तुम्ही जमिनीत शिरलात तेव्हा मालकिणीची परवानगी घेतली होती?"

मी मान खाली घातली. "नाही."

"उत्तम."

मला वाटलं टोमणा मारतोय.

"खंड, भाडं, काही दिलंत?"

"नाही हो."

"फारच छान. लपूनछपून राहत होतात?"

"लपून?" म्हातारा उसळला. "बारा वर्षं आमच्या पंपाचा खडखडाट अख्ख्या कालव्याला ऐकू जातो! लोक त्यावर घड्याळ लावतात!"

"वा! मग अगदीच आनंद आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. मालकीचा कागद दुसऱ्याच्या नावाचा असला, तरी दहा वर्षं सलग, उघडपणे, भांडणतंटा न होता, आपलीच समजून जमीन ताब्यात ठेवली, की कायदा म्हणतो ती तुमचीच. ज्याने वळूनही पाहिलं नाही त्याच्यापेक्षा ज्याने राबून ठेवली त्याची. मात्र मालकाच्या मर्जीने राहत असाल तर शंभर वर्षं राहा, पाहुणे ते पाहुणेच. पाहुण्याने कितीही दिवस भात खाल्ला म्हणून घर त्याचं होत नाही.

म्हणजे ज्याची बारा वर्षं लाज वाटली तेच कायद्याला हवं आहे. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर मला एक आणि वकिलाला दोन लगावल्या असत्या.

"जागेच्या धन्याला विचारलं होतं मी," म्हटलं. लपवायला नको.

"तो साक्षीला येत नाही काकू, त्याचं सोडा."

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने दोन नूडल्सचे वाडगे मागवले आणि माझाही त्यानेच खाल्ला.

१२ मार्च

अर्ज दाखल झाला. नोटीस ग्रामकार्यालयाच्या भिंतीवर लावली आहे. तिच्यावर छापील अक्षरांत माझं नाव, आणि खाली बाईंचं. एकाच कागदावर आम्ही दोघी, समोरासमोर. बाजारात सुकी मासळी घ्यायला गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. चोरी पकडली गेल्यावर असंच होत असेल.

वीरयुतने हरकत घेतली आहे. बाईंनी त्याच्या नावे मुखत्यारपत्र केलंय म्हणे. त्याच्याच घरात राहायचं, त्याच्याच हातचं जेवायचं, फोनही तोच लावून देतो, मग तो सांगेल तिथे सही करण्यावाचून बाईंना गत्यंतर काय? की त्यांनाच हवं आहे हे सगळं?

कालव्यात खारं पाणी चढलं आहे. दोन दिवस पंप बंद. झाडांनी पानं मिटून घेतलीत. कोर्टाने काढायच्या आधी समुद्रच काढतो की काय आम्हाला.

४ एप्रिल

वीरयुत आला होता, एकटाच, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. पाया पडावं तसा वाकून म्हणाला, "काकू, कोर्ट कोर्टाच्या जागी, माणसं माणसांच्या जागी. आत्या तुमची आठवण काढते. तेरा तारखेला याल ना नेहमीसारख्या? पपनसंही आणा, तिला आवडतात. यंदा छान फोटो काढू सगळ्यांचा. दोन शब्दही रेकॉर्ड करून ठेवू, म्हातारं माणूस, आज आहे उद्या नाही."

मला भरूनच आलं. उगाच इतके दिवस त्याच्या नावाने बोटं मोडत होते. रक्ताचा माणूस आहे, बाईंचं मन जाणतो. पुढच्या वाफ्यावरची सहा फळं राखून ठेवली, झाकायला कागदी पिशव्या बांधल्या.

५ एप्रिल

अनुवतला सहज फोनवर सांगितलं.

"दरवर्षी?" तो म्हणाला. "तुम्ही दरवर्षी तिच्याच जमिनीतली फळं घेऊन तिच्याकडे जाता? हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे? सोंगक्रानला कोण जात नाही?"

"आणि ती काय म्हणते?"

मी सांगितलं. बांधाचं सांगितलं. राहा तिथेच, तेही सांगितलं. पलीकडे त्याने काहीतरी आपटलं.

"काकू, तुम्ही रीतभात पाळलीत, कायद्यात ती मालकी कबूल केल्यासारखी दिसते. मालकिणीने राहा म्हटलं म्हणजे परवानगी. बारा वर्षांवर पाणी! तो फोटो कशाला काढणार आहे असं वाटतंय तुम्हाला, भिंतीवर लावायला? यंदा पाऊल टाकायचं नाही त्या घरात. फळ नाही, फूल नाही, फोन नाही. कळलं?"

कळलं. नारळाच्या वड्या कोंबड्यांना घातल्या. त्यांनीही नीट खाल्ल्या नाहीत.

१३ एप्रिल

रस्त्यावर पोरं पाण्याच्या बंदुका घेऊन नाचतायत, टेम्पोतून गाणी चाललीत. मी दार लावून बसले आहे. सकाळी सवयीने वाडग्यात मोगरा भिजत घातला, मग आठवलं.

म्हातारा समोर येऊन बसला, हात पुढे केले. "माझ्या हातावर घाल. मीही म्हातारा आहे."

"तू म्हातारा आहेस, मोठा नाहीस," म्हटलं. तो हसला, मग मी रडले, मग तो घाबरून कालव्यावर गेला.

बाई खुर्ची दारात आणवून बसतात या दिवशी. सकाळपासून बसलेल्या असतील. वाट बघतील की नाही? बघितली तर वाईट आणि नाही बघितली तर त्याहून वाईट. जमीन गेली तर आम्ही या वयात कुठे जाणार, हा विचार आला की जायचं धाडस होत नाही, आणि बाईंचे ते सुरकुतलेले हात डोळ्यांपुढे आले की घरात बसवत नाही. देवा, एवढी भित्री बाई का घडवलीस?

१५ एप्रिल

सण संपला. गेले नाही. राखलेली फळं फांदीवरच आहेत.

२७ मे

उद्या कोर्ट. अनुवतने तालीम घेतली. "राहा असं बाई म्हणाल्या का, असं विचारलं तर सांगायचं, आठवत नाही. बस. हे खोटं नाही, वयोमान आहे."

मी पन्नास वेळा म्हणून बघितलं. आठवत नाही, आठवत नाही. म्हातारा म्हणाला, "इतक्यांदा म्हणतेस म्हणजे चांगलं आठवतंय." बीपी मोजलं तेव्हा मशीनने नुसती चूक दाखवली.

२८ मे

आज अक्षर लागलं नाही तरी लिहिणारच.

बाई समोर चाकाच्या खुर्चीत होत्या. केवढ्या वाळल्यात! माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. न्यायाधीश बाईमाणूस. वीरयुतचा वकील मऊ आवाजाचा, अशा आवाजाची मला जास्तच धास्ती वाटते.

"दर सोंगक्रानला बाईंकडे जात होतात?"

"हो. यंदा नाही."

"यंदा का नाही?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"सगळ्याचीच," म्हटलं, आणि मागे लोक हसले.

मग त्याने तोच प्रश्न विचारला. "बाई तुम्हाला कधी म्हणाल्या होत्या का, की त्या जमिनीवर राहा?"

उत्तर जिभेवर तयार होतं. पण बाईंचे डोळे तेवढ्यात वर आले, तिसरीत पट्टी उचलायच्या आधी यायचे तसे. आठवत नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "म्हणाल्या होत्या. तू आहेस म्हणून जमीन जिवंत आहे, राहा तिथेच, असं म्हणाल्या होत्या."

अनुवतने डोळे मिटले. म्हाताऱ्याचा सुस्कारा मला तिथपर्यंत ऐकू आला. संपलं सगळं, असं वाटलं, आणि गंमत म्हणजे क्षणभर बरंच वाटलं.

दुपारी बाईंची साक्ष झाली. वीरयुतच्या वकिलाने अगदी हसत विचारलं, "बाई, लमियदना जमिनीवर राहायची परवानगी तुम्हीच दिली होती, बरोबर?"

"कोणी, मी?" तोच शाळेतला आवाज. "मुळीच नाही."

"जरा आठवा बाई. सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या की..."

"ऐकलं मी. पाय गेलेत, कान नाही. ही पोर लहानपणापासून भित्री. भीती वाटली की हिला कुणी न बोललेलंही ऐकू येतं. तिसरीत हिला फळ्यामागे भूत दिसायचं."

सगळे हसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "पण त्या दरवर्षी फळं आणून देत होत्या, ते?"

"माझे जुने विद्यार्थी ढिगाने येतात. कुणी टॉवेल आणतं, कुणी बिस्किटं. सगळ्यांना काय जमिनी वाटत सुटले मी? ही न विचारता शिरली. बारा वर्षं मालकिणीच्या तोऱ्यात तिथे वावरली. मलाही ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. विचारायला हवं होतं हिने. आणि विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं."

वीरयुत मागच्या बाकावर जोरजोरात मान डोलावत होता. त्याच्या वकिलाने मात्र चष्मा काढून डोळे चोळले. उकाडाही फार होता.

मी बाहेर आले. खोटं बोलले म्हणून ज्यांनी मला पट्टी मारली, त्यांनीच आज मी खरं बोलले तर भर कोर्टात मला खोटी ठरवलं. वर चोर.

अनुवत धावत आला, नाचायचाच बाकी होता. "काकू, तुमच्या खरेपणाने आपण बुडालोच होतो! पण मालकिणीनेच शपथेवर सांगितलं, परवानगी नव्हती, ताबा उघड होता! आपले मुद्दे तिने एकेक करून मोजून दिले. म्हातारीला कळलंच नाही आपण काय बोलतोय ते!"

बाईंना आपण काय बोलतोय ते कळलं नाही, असं मी तरी जन्मात पाहिलेलं नाही. म्हणजे शब्द न् शब्द मनापासून होता. सोंगक्रानला गेले नाही, त्याची ही शिक्षा. इतक्या वर्षांचा राग साठवून ठेवला असणार.

आवारात वीरयुतची गाडी उभी होती. त्याचा वकील त्याला काहीतरी सांगत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. बाई मागच्या सीटवर काच खाली करून बसल्या होत्या, कसलं तरी गाणं गुणगुणत. ड्रायव्हरला म्हणाल्या, "वाटेत नारळाचं आइस्क्रीम घ्यायचंय हं मला." माझी अब्रू घालवून आइस्क्रीम!

१० जुलै

निकाल लागला. जमीन आमची झाली. म्हाताऱ्याने जागेच्या धन्यापुढे लाल सरबताच्या बाटल्यांची रांग लावली, नवसाचं डुकराचं डोकंही ठेवलं, आणि स्वतः इतकी झोकली की चरात पडला. मी त्याला ओढून काढलं आणि ओल्या कपड्यांनिशी बांधावर बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता. कुठल्याशा कोपऱ्यात झालाही असेल. पण खांब उपटताना अजूनही कुणी ओरडेल असं वाटत होतं.

२ ऑगस्ट

अनुवत सांगत होता, वीरयुतला अपील करायचं होतं, पण बाई कागदावर सहीच करेनात. पेन दिलं की म्हणतात हात दुखतो. मुखत्यारपत्रही परत मागून घेतलं म्हणे. कंटाळल्या असतील कोर्टाला. वीरयुतने घरात त्यांच्याशी बोलणं टाकलंय. दुपारभर एकट्याच बसलेल्या असतात.

हे ऐकल्यापासून कशात लक्ष लागत नाही. ज्या बाईने मला चारचौघांत चोर म्हटलं तिच्या जेवणाची काळजी मी का करावी? म्हातारा म्हणतो, "जाऊन ये. आता कायद्याची काही भीती नाही." कायद्याची नाही रे बाबा. कायद्याने फार तर जमीन घेतली असती.

१८ ऑगस्ट

या हंगामाची पहिली फळं उतरवली. साल पातळ, वजन चांगलं. हातात तोलत बसले. व्यापारी येऊन भाव सांगून गेला तरी माझं बोट देठावरच. चांगलं आहे की नाही, ते सांगणारं माणूस बसच्या पल्ल्यावर आणि मी इथे.

दोन फळं पिशवीत घातली आणि निघाले. बसमध्ये दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं, एकदा उतरलेसुद्धा, आणि पुढची बस पकडून तशीच गेले. वीरयुत कामावर गेलेला. जाळीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाई दाराकडे पाठ करून बसलेल्या, टीव्ही बंद, मान जराशी कललेली. मानेवरची हाडं वर आलीत.

उंबऱ्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. आत येऊ का बाई, एवढंच विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले, आणि विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं, हे त्यांनी शपथेवर सांगितलेलं आठवलं.

म्हणून मी विचारलं नाही. चपला काढल्या आणि सरळ आत गेले.